कापाकापीचं संग्रहालय

सिल्वासाला माणसं कामाला जातात, बघायला म्हणून कोणी जात नाही. त्यामुळे मी आणि सासूबाई थंडीत तिकडे जाऊन आलो म्हटलं, की अमळनेरात आमच्या गल्लीतल्या बायका आधी आवाज खाली आणून विचारतात, "कोण आजारी होतं?" कोणी नव्हतं हो. आम्ही मजा करायला गेलो होतो, आणि एवढी मजा केली की परत येऊन आठवडा झाला तरी माझ्या बरगड्या दुखताहेत. प्रत्येकीला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते.

माझा मुलगा निखिल तिकडे मसाटच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. सिल्वासा गावात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोन वर्षं "आई, ये ना" म्हणून मागे लागला होता. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. निवृत्त झाल्यावर वेळच वेळ होता, पण सासूबाईंना सोडून कसं जायचं? त्या ब्याऐंशी वर्षांच्या. शेवटी भीत भीत त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी कधीची पिशवी भरून ठेवलीय." राहिले आमचे हे. ह्यांना परक्या गादीवर झोप येत नाही. ते घरीच राहिले.

शनिवार, सिल्वासा

वापीला उतरून रिक्षाने सिल्वासा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने आणि कारखान्यांच्या मधूनमधून सागाची झाडं, कुडाच्या भिंतींची घरं, मोहर धरलेले आंबे. जणू कोणीतरी जंगलात घाईघाईने शेड टाकल्या आणि उरलेलं जंगल उचलायचं विसरून गेलं. पाट्या गुजरातीत, हिंदीत, इंग्रजीत, पण चहाच्या टपरीवर कान दिला तर दर तिसरा माणूस "काय भाऊ, ड्युटी कवा सुटली?" विचारत होता. सासूबाईंना फार बरं वाटलं. म्हणाल्या, "एवढा लांब प्रवास केला आणि धुळ्यालाच आलो की."

संध्याकाळी निखिलने उंबाडियुं खायला नेलं. माठात वालपापडी, कंद, रताळी भरायची, तोंडाला हिरवा पाला कोंबायचा, माठ उपडा ठेवून भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही. सासूबाईंनी पहिला घास घेऊन निकाल दिला, "आपल्या भरताची सर नाही." मग दोन प्लेटी संपवल्या आणि तिसरीकडे बघून निखिलला म्हणाल्या, "तुला नको असेल तर टाकू नकोस, अन्न आहे."

खाता खाता निखिल मला म्हणाला, "आई, तुझ्या कामाची एक जागा आहे इथे. जवळच्या सायली गावात एका माणसाने ऑपरेशनच्या जुन्या हत्यारांचं म्युझियम काढलंय. त्याच्या शेडच्या माडीवर. आमच्या कारखान्यातले लोक त्याला कापाकापीचं संग्रहालय म्हणतात."

झालं. माझं खाण्यातलं लक्षच उडालं. चौतीस वर्षं ज्या हत्यारांना उकळलं, पुसलं, मोजलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं, ती काचेच्या कपाटात बसून माणसांकडून नमस्कार घेत असतील ही कल्पनाच मला गुदगुल्या करायला लागली.

रविवार, सायली

निखिलला रविवारीही मशीन दुरुस्तीसाठी जायचं होतं. त्याने आम्हाला रिक्षात बसवून दिलं आणि तो गेला. चूक माझी. पत्ता सांगायच्या ऐवजी मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, वो सर्जरीवाला म्युझियम." त्याने आरशातून सासूबाईंकडे बघितलं. काठी, जाड भिंगाचा चष्मा, डोक्याला गुंडाळलेला मफलर. "माजी को ज्यादा तकलीफ है क्या?" सासूबाई म्हणाल्या, "हां, गुडघे में." त्याने हँडल पिळलं आणि असा सुटला की आम्ही दोघी एकमेकींच्या मांडीवर. दहा मिनिटांत रिक्षा एका खासगी दवाखान्याच्या दारात, थेट अपघात विभागासमोर. मी "नहीं, नहीं" म्हणेपर्यंत दोघा वॉर्डबॉयनी सासूबाईंना उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवलं होतं.

"अहो, आम्ही बघायला आलोय!" मी ओरडले.

"बघायला मिळेल, पेशंटला आधी आत तर घेऊ द्या," त्यातला एक चक्क मराठीत म्हणाला.

सासूबाई मात्र खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या. "सुमन, राहू दे," म्हणाल्या. "छान चालतेय ही." एक फेरी मारून झाल्यावरच उतरल्या. रिक्षावाला बिचारा एवढा ओशाळला की सायलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याआधी "बा, संभाळजो" म्हणत गेला.

सायलीला कारखान्यांच्या रांगेच्या टोकाला एक पत्र्याची शेड. आत दोन मशिनं घरघरताहेत, आणि चेहऱ्यावर काळी पूड उडालेला पन्नाशीचा एक माणूस कात्रीला धार लावतोय. त्याचं नाव हिलालभाऊ. पूर्वी तो शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या एका कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. आता दवाखान्यांच्या कात्र्या-चिमटे दुरुस्त करतो. भंगारात आलेलं जुनं काही दिसलं की ते वितळवायला द्यायला त्याचा जीव होत नाही. त्यातून हे संग्रहालय.

सासूबाईंनी त्याच्या बोलण्याचा हेल लगेच ओळखला. "कोठला रे भो तू?"

"पारोळाना, आजी."

"काय सांगस!"

एरवी सासूबाई चारचौघांत अगदी पुस्तकी मराठी बोलतात. फार राग आला किंवा फार आनंद झाला तरच अहिराणी बाहेर पडते. पारोळा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या आनंदात त्या माडीचा जिना काठीशिवाय चढल्या.

वर दोन खोल्या, चपला बाहेर काढायच्या. आत पाऊल टाकलं आणि माझ्या नाकाला स्पिरिटचा वास आला. खरंच होता की माझ्या मनाचा, देव जाणे. लाकडी मुठीची हाड कापायची करवत. क्लोरोफॉर्म थेंब थेंब टाकायची तारेची जाळी. काचेच्या सिरिंजा, मखमलीच्या डबीत दागिन्यांसारख्या. टॉन्सिल कापायचं एक भयंकर यंत्र. ते बघून सासूबाईंनी आपला गळा धरला. प्रत्येक वस्तूखाली हिलालभाऊने स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. अक्षर मोत्यासारखं, माहिती मात्र कुठे कुठे आपल्या मनाची. नाळेच्या चिमट्याखाली लिहिलं होतं, "मोठ्या माणसाचे कान धरण्यासाठी."

मला हसू आवरेना. त्याला राग येईल असं वाटलं, पण तो लगेच खिशातून पेन काढून माझ्यामागे उभा राहिला. "सांगा ताई, सांगा. इथे डॉक्टर लोक येतात, फोटो काढतात, हसतात आणि जातात. कोणी धड सांगत नाही." मग मी सुटले. हे याचं, ते त्याचं, हे असं धरायचं, हे डॉक्टरांच्या हातात असं आपटून द्यायचं की त्यांना बघावं लागू नये. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझे हात आपोआप चालत होते. हिलालभाऊ लिहीत होता, सासूबाई स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला कामावर कधी पाहिलंच नव्हतं.

शेवटच्या कपाटापाशी हिलालभाऊ थांबला आणि त्याने आवाज बदलला. "आता हे बघा. आमच्या संग्रहालयाचं भूषण."

काचेमागे लाल कापडावर स्टीलचं एक वाकडं अवजार होतं. लांब दांडा, टोकाला उथळ, वळवलेला वाडगा, आणि वाडग्याच्या मधोमध कापून काढलेली लांबट खिडकी. खाली चिठ्ठी: "उपयोग अज्ञात. बनावट: मामाक कंपनी (जर्मनी?)."

"दांड्यावर नाव कोरलंय," तो म्हणाला. "मामाक. मराठीत कोरलंय म्हणजे खास भारतासाठी बनवलेलं असणार. एक डॉक्टर म्हणाला गुरांचं आहे. दुसरा म्हणाला, अरे ही डोशाची कालथी आहे, फेकून दे. पण मी नाही फेकलं. एवढं जाड, चांगलं स्टील! धुळ्याच्या भंगारवाल्याच्या पोत्यात सापडलं मला."

मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं. पण त्या स्टुलावरून उठल्या होत्या. काचेला नाक लावून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बघितलं, आणि काठी दाणकन जमिनीवर आपटली.

"हाई ते मन्ही पयी शे!"

ही तर माझी पळी आहे! हिलालभाऊ दोघींकडे आळीपाळीने बघायला लागला. "आजी, जर्मन आहे ती..."

"कसली जर्मन? 'मामाकडून' आहे ते! माझ्या लग्नात माझ्या मामाने दिली. पुढचं 'डून' कुठे गेलं?"

पुढचं 'डून' दांड्याच्या टोकाच्या, पळी टांगायच्या आकड्याबरोबर कापलं गेलं होतं. ते कोणी कापायला लावलं हे त्या माडीवर एकट्या मलाच माहीत होतं. सांगणं भाग होतं. पण त्याआधी तुम्हाला त्या पळीचं महत्त्व कळायला हवं. सासूबाईंच्या लग्नात घरात सगळी भांडी पितळेची. स्टीलची वस्तू म्हणजे ही एक पळी, रेल्वेतल्या मामाने कुठून कुठून मिळवून दिलेली. सणाला कटाची आमटी वाढायलाच ती निघायची. माझ्या लग्नानंतर चौथ्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणात, ती नाहीशी झाली. सासूबाईंची धाकटी बहीण, भुसावळची मालूमावशी, तेव्हा चार दिवस राहून गेली होती. आईवडील गेलेले, त्यामुळे मावशी आखाजीला मोठ्या बहिणीकडेच माहेरपणाला यायच्या. सासूबाईंनी कोणाला काही म्हटलं नाही. पण पुढच्या आखाजीला मावशींना बोलावणं गेलं नाही. त्यानंतर कधीच गेलं नाही. लग्नाकार्यात भेट व्हायची, बोलणं व्हायचं, पण मावशी स्वयंपाकघरात शिरल्या की सासूबाई काही ना काही निमित्ताने मागोमाग जायच्या. हे सगळं मी तीस वर्षं बघत आले आणि तोंड शिवून बसले.

"आई," मी म्हणाले, "पळी मी नेली होती."

मशिनं खाली घरघरत होती. सासूबाईंनी फक्त कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

मी सांगायला लागले तशी थांबताच येईना. सिझेरियनला कधी कधी बाळाचं डोकं आईच्या कमरेच्या हाडात घट्ट अडकतं. हात घालायला जागा राहत नाही. आमच्या दवाखान्यात त्यासाठीचं अवजार नव्हतं, मागणी करून दोन वर्षं झाली होती. मोठे डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, "सिस्टर, नुसती एक जाड पळी असती ना, वाकवून घेतली असती." मी दुसऱ्या दिवशी पळी नेली. नवी घ्यायची तर तेवढं जाड स्टील बाजारात मिळेना, आणि घरात विचारलं असतं तर... तेव्हा माझी नोकरीच घरात कोणाला पसंत नव्हती. त्यात दवाखान्यासाठी पळी मागितली असती तर कायमची घरी बसले असते. बसस्टँडमागच्या फॅब्रिकेशनवाल्याने डॉक्टरांच्या चित्राबरहुकूम ती वाकवली, मधोमध खिडकी पाडली, आकडा कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या.

"आणि मग?" हिलालभाऊने विचारलं. त्याच्या हातातला पेन तसाच होता.

"मग आठवड्याभरात एक पोरगी आली, पाड्यावरची, बैलगाडीतून. दीड दिवस कळा देऊन थकलेली. डॉक्टरांनी हात पुढे केला, मी ही त्यांच्या हातात ठेवली. डोकं अलगद वर आलं. बाळ आधी रडेना. मी त्याच्या तळव्यांना टिचक्या मारत होते आणि मनात म्हणत होते, रड रे बाबा, तुझ्यासाठी मी चोरी केलीय."

"रडलं?" सासूबाईंनी विचारलं.

"असं रडलं आई, की डॉक्टर म्हणाले, सिस्टर, आता ह्याला गप्प करा."

त्यानंतर खरं अवजार येईपर्यंत हीच चालली. पुढे कधीतरी कंडम मालात गेली असणार.

हिलालभाऊने हळूच कपाट उघडलं आणि पळी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. त्याचा चेहरा पडला होता. "तुमची आहे आजी. घेऊन जा."

त्यांनी ती घेतली. कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, खिडकीतून बोट घालून बघितलं. मला वाटलं आता पिशवीत टाकतील, आणि वाटेत मला रिक्षातून उतरवतील. पण त्या हिलालभाऊला म्हणाल्या, "आता हिने आमटी वाढली तर सगळी खाली सांडेल. राहू दे इथेच. पण तो जर्मन आधी काढून टाक."

आणि मग त्या हसल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांना स्टुलावर बसवावं लागलं. "मामाक कंपनी!" एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा सुरू. हिलालभाऊ हसला, मी हसता हसता रडले, खालून मशीन बंद करून कारागीर वर आले आणि आम्हाला बघून तेही उगीचच हसायला लागले. हिलालभाऊने एका कोऱ्या किडनी ट्रेमध्ये गरम शेंगदाणे आणले. ज्या भांड्यात मी आयुष्यभर काय काय झेललं, त्यातून शेंगदाणे खायला मी धजेना. सासूबाईंनी मूठभर उचलले.

नवी चिठ्ठी तिथेच लिहिली गेली. हिलालभाऊने विचारलं, "नाव कोणाचं घालू? डॉक्टरांचं?" मी हो म्हणणार होते. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरांचं घाल, माझ्या मामाचं घाल, आणि चोरणारीचं आधी घाल." माझं नाव मोत्यासारख्या अक्षरात काचेमागे गेलं. जिना उतरताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

शेडच्या दारात सासूबाईंनी माझ्याकडे हात केला. "फोन लाव मालूला."

मी लावला आणि स्पीकर सुरू केला. "मालू," त्या म्हणाल्या, "पळी सापडली."

"कोणती पळी, अक्का?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ज्या पळीसाठी बहिणीचं माहेर तोडलं, ती हरवल्याचंच बहिणीला माहीत नव्हतं. "मामाची," त्या कशाबशा म्हणाल्या. "मला वाटलं, तू नेलीस."

पलीकडून मावशींचा आवाज आला, बारीक. "अक्का, तू घरी ये. फोनवर नको."

सोमवार, भुसावळ

निखिलने आमची अमळनेरची तिकिटं रद्द करून भुसावळची काढून दिली. गाडी तीच, सकाळची. सुरतेपासून सासूबाई मनाशी काहीतरी जुळवत होत्या. ओठ हलत होते. ह्यांना सांगायचं आम्ही दोघीही साफ विसरलो. दुपारी अमळनेर आलं तर हे फलाटावर हजर, हातात आमच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या. सासूबाईंनी खिडकीतून तो घेतला, घटाघटा प्यायल्या, परत दिला आणि म्हणाल्या, "आम्ही पुढे चाललोय." गाडी हलली. हे तांब्या धरून चार पावलं बरोबर चालले. त्यांचा तो चेहरा आठवला की मला अजूनही उचकी लागते.

मालूमावशी दारातच उभ्या होत्या. लहानखुऱ्या, पाठीत वाकलेल्या. सासूबाईंनी तोंड उघडलं, तर मावशींनी हात वर करून थांबवलं. "आधी मी बोलते अक्का. पळी नाही नेली मी."

"कळलं गं मला. म्हणूनच तर..."

"पण आईचा अडकित्ता नेला."

मावशींनी पदराआडून तो पुढे केला. काळपट पितळेचा, मोराच्या आकाराचा. "तुझ्या फडताळात होता. त्या आखाजीला. आईची एवढी एक वस्तू जवळ असावी वाटलं गं. मागायची लाज वाटली, म्हणून उचलला. पुढच्या वर्षी तुझं बोलावणं नाही आलं, तेव्हा म्हटलं, अक्काला कळलं. इतकी वर्षं वाट बघितली, कधीतरी विचारशील म्हणून."

सासूबाईंनी अडकित्ता हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "मालू," त्या म्हणाल्या, "हा हरवलाय, हे मला आत्ता कळतंय."

दोघी उंबऱ्यावरच खाली बसल्या. कोण रडतंय आणि कोण हसतंय हे मला मागून नीट कळेना. मी बाजूने वाट काढून आत गेले, चहा ठेवला. बाहेर आले तर मावशींनी कुठूनतरी सुपाऱ्यांचा डबा काढला होता आणि दोघी आळीपाळीने अडकित्ता चालवत होत्या. कट्. कट्. लहान मुलींसारखं "आता माझी पाळी" चाललं होतं. दात एकीलाही धड नाहीत. त्यामुळे कातरलेली सगळी सुपारी माझ्या हातावर पडत होती, आणि दोघी मी तोंडात टाकते की नाही यावर नजर ठेवून होत्या. मी आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही. त्या दिवशी खाल्ली. अशी लागली की कान गरम झाले, कपाळाला घाम फुटला, भुसावळ माझ्याभोवती गरगर फिरायला लागलं, आणि वरून मालूमावशी म्हणाल्या, "अक्का, तुझी सून बघ, अजून देऊ का?"

"दे," सासूबाई म्हणाल्या.